शब्दचर्चा: ओमाहातल्या ‘बेट सायझिंग’ला मराठीत काय म्हणावं?

किलवर दुर्री
न्यू जर्सीत आम्ही पाच-सहा मराठी घरं महिन्यातून एकदा पत्त्यांना बसतो. तीन पत्तीचा कंटाळा आला म्हणून पॉट-लिमिट ओमाहा हा पोकरचा प्रकार सुरू केला, आणि पहिल्याच रात्री शब्दावरून वाजलं. आमचे एक काका तीन पत्तीत मुरलेले. त्यांच्या लेखी ‘पॉट लिमिट’ म्हणजे मधली रक्कम ठरलेल्या आकड्याला पोचली की डाव थांबवून सगळ्यांनी पानं दाखवायची. ओमाहात पॉट कितीही वाढू दे. मध्ये जेवढे पैसे असतील त्याहून मोठी बेट लावता येत नाही, एवढंच. काका दोन तास ‘शो कधी?’ विचारत होते.

त्यांच्यासाठी मराठीत टिपण लिहायला घेतलं आणि ‘स्ट्राँग हँड असताना बेट सायझिंग’, म्हणजे पानं भारी असताना किती पैसे लावायचे, इथे अडलो. ‘भक्कम हाताने पैजेचे आकारमान’ असं लिहिलं. बायको म्हणाली, व्यायामशाळेची जाहिरात वाटते. सुचवा काहीतरी.

मांडवीकाठ
वहिनींचं बरोबर आहे. ‘हात’ तर चालणारच नाही. मेंढीकोटात आणि ब्रिजमध्ये हात म्हणजे चौघांनी एकेक पान टाकून पुरी झालेली खेप. ‘आमचे सात हात झाले’ म्हणतो तो. पोकरमधल्या हँडला ‘पानं’ म्हणा. पानं लागली, पानं पडलीच नाहीत, हे आपण बोलतोच.

‘पैज’ही नको. तिचं मूळ ‘प्रतिज्ञा’. दोघांचे दावे उलट असतात आणि एकाचा खरा ठरतो. मॅच कोण जिंकणार यावर पैज लागते. डावात पैसे लावतात, पैज नव्हे. ‘पण’ शब्द चांगला होता, पण तो आता ‘पणाला लावणे’ एवढ्यातच उरलाय आणि त्यात सर्वस्व जायची भीती आहे. वीस डॉलरला सर्वस्व कशाला?

‘नट्स’ला, म्हणजे त्या क्षणी ज्यांच्यावर कुणाचीच मात नाही अशा पानांना, मात्र माझ्याकडे शब्द तयार आहे: बिनतोड. २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन पैशांचा पोकर बंद झाल्यावर आमचे दोन मित्र पणजीत बोटीवरच्या कॅसिनोत जायला लागले, त्यांच्या तोंडी हा शब्द मीच घातला.

किलवर दुर्री
बिनतोड झकास! आणि ओमाहात तो नेमका बसतो, कारण इथे तोड निघायला वेळ लागत नाही. प्रत्येकाला चार पानं. टेबलावर सगळ्यांसाठी आधी तीन उघडी पानं येतात, तो फ्लॉप; मग एकेक करून आणखी दोन. आपल्या चारातली बरोबर दोन आणि टेबलावरची तीन घ्यायची. फ्लॉपला अठ्ठी-सत्ती-दुर्री आली, तुमच्याकडे दोन अठ्ठ्या. तीन अठ्ठ्या म्हणजे त्या क्षणी बिनतोड. पण समोरच्याकडे दश्शी-नव्वी-छक्की-पंजी असेल तर उरलेल्या पत्त्यांतली वीस पानं त्याचा सीक्वेन्स (ओळीने पाच पानं, तीन अठ्ठ्यांहून भारी) पुरा करतात. दोन पानं यायची बाकी, म्हणजे त्याला सीक्वेन्स लागायची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास. तुमचं फुल हाउस (तीन सारखी अधिक दोन सारखी, सीक्वेन्सहून भारी) होण्याची शक्यता धरली तरी मामला बरोबरीच्या जवळ येतो.

निवृत्त तलाठी
मला पोकर येत नाही, पण शब्द दिसला की राहवत नाही. एक विचारतो: बेट मोजताना तुम्ही रुपये बोलता की पॉटचा हिस्सा?

किलवर दुर्री
हिस्सा, काका. अर्धा पॉट, पाऊण पॉट, पूर्ण पॉट. नुसता आकडा सांगून काही कळत नाही.

निवृत्त तलाठी
मग आणे आहेत ना! चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे. १९५७ ला नवे पैसे आले तरी हिश्श्याची भाषा आण्यांतच राहिली. आठ आणे बेट म्हणजे निम्मा पॉट.

किलवर दुर्री
काका, पाया पडतो. हिशेबही सोपा झाला. सोळा आणे लावले तर समोरच्याला एकाला दोन मिळतात, म्हणजे तीनात एकदा जिंकला तरी त्याचं भागतं. आठ आणे लावले तर चारात एकदा पुरे. मग सायझिंग म्हणजे ‘आणेवारी’ म्हणू?

निवृत्त तलाठी
थांबा, घाई नको. आणेवारी म्हणजे शेतात उभं पीक किती आलं त्याचा अंदाज. तिलाच आता पैसेवारी म्हणतात; ती पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाई. सामाईक जमिनीतल्या हिश्श्यालाही आणेवारी म्हणतात. दोन्हीकडे जे आहे ते मोजायचं असतं. तुम्ही मोजत नाही, समोरच्यावर बसवताय. त्याला ‘आकारणी’ म्हणतात. शब्दात ‘आकार’ही आहे आणि वसुलीही. शेतसाऱ्याची आकारणी जमिनीची प्रत बघून होते, जिरायत की बागायत; खातेदार केवढा मातब्बर, ते बघून नाही.

किलवर दुर्री
काका, पोकर येत नाही म्हणता आणि शिकवताय तेच! आमच्या मंडळींची चूक हीच आहे. पानं भारी म्हणून बेट भारी. टेबलाची प्रत कुणी बघतच नाही.

फ्लॉपला राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची, आणि माझ्याकडे दोन राजे. इथे कुणाचं फारसं काही पिकणार नाही. सोळा आणे लावले तर सगळे पॅक, म्हणजे पानं टाकून डावाबाहेर. सहा-आठ आणे पुरतात, कुणीतरी रेंगाळतो. तेच वरच्या अठ्ठी-सत्तीला आणि दोन पानं एका रंगाची असतील तर सोळा आण्यांखाली बोलायचं नाही. समोरच्याने यावं, पण पुरा सारा भरून यावं. आमचे काका बरोबर उलटं करतात: ओल्या टेबलावर, म्हणजे जिथे समोरच्याचं पिकू शकतं तिथे, घाबरून चार आणे, कोरड्यावर सोळा.

दुसरं असं की दोन एक्के आले की ते पहिल्यापासून सोळा आणेच ओरडतात. ओमाहात दोन एक्के साधारण चाळीस डावांत एकदा येतात. तेवढ्याच वेळा ओरडलं तर टेबलावरच्या पोरालाही कळतं.

मांडवीकाठ
एक शंका. रेज करताना, म्हणजे दुसऱ्याच्या बेटीवर वाढवताना, सोळा आणे कशाचे? पॉट १००, पुढच्याने ५० लावले. मी १५० पर्यंत जाऊ शकतो ना?

किलवर दुर्री
२५०. आधी देणं चुकवायचं, मग पॉट मोजायचा. तुझे ५० गेले की मध्ये २०० होतात, त्यावर आणखी २००. तोंडी हिशेब असा: मागची बेट तिप्पट, अधिक आधीचा पॉट.

निवृत्त तलाठी
मागची थकबाकी भरून मग चालू आकारणी. आमच्याकडेही हाच क्रम होता.

मांडवीकाठ
बरं, आता ‘पॉट’ला ‘गल्ला’ म्हणू या का?

किलवर दुर्री
गल्ला दुकानदाराचा असतो. मधले पैसे अजून कुणाचेच नसतात.

मांडवीकाठ
लहान मुलं मातीच्या गल्ल्यात साठवतात, तो?

किलवर दुर्री
तो फोडेपर्यंत हात लावता येत नाही. आमच्या काकांना हे सांगितलं तर ते पुन्हा शो मागतील.

मांडवीकाठ
पॅक.