पिकअप: आकाराचा फरक कुठे जाणवतो

मिडसाइज आणि फुलसाइज पिकअप चालवताना फारसा फरक जाणवत नाही असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. दोन्ही भाड्याने घेऊन चालवलेत. हायवेवर ठीक, पण पार्किंगमध्ये वळवताना फोर्डची चार दारांची फुलसाइज एफ-१५० घाम फोडते. ती जवळपास ५.९ मीटर, फोर्डचीच मिडसाइज रेंजर ५.३५ मीटरच्या आसपास. मला मात्र लांबीपेक्षा रुंदी आणि बॉनेटची उंची जास्त नडली. अगदी पुढ्यात लहान मूल असलं तर दिसणारच नाही, ही धास्ती सतत होती. मागचा हौदा रिकामा असला की पाटे (मागच्या चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) कडक राहतात, खड्ड्यात मागची बाजू उसळते (हे दोन्हींत). फोर्डची त्याहून लहान पिकअप मॅव्हरिक मोनोकोक (बॉडी आणि चौकट एकसंध), त्यामुळे कारसारखी वाटते. विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने घ्याच, आणि एकदा सामान भरून चालवा.