बुद्धिबळात काळ्याकडून खेळताना इम्बॅलन्स्ड (दोघांचे डाव सारखे न राहणारी) पोझिशन देणारं ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) सुचवा

हत्तीवाला:
रेटिंग १५०० च्या आसपास आहे. पांढऱ्याच्या ई४ ला ई५ आणि डी४ ला डी५ एवढंच खेळतो, पण समोरच्याने सटासट मोहरे मारून संपवले की दोघांची प्यादी सारखीच उरतात आणि माझ्यापेक्षा कच्चा प्लेअर पण आरामात ड्रॉ घेऊन जातो. जिंकायचा चान्स राहील असं काय खेळू? खूप लाइन्स पाठ करायला वेळ नाही.

तिरका_उंट:
ई४ ला फ्रेंच विनावर हे ओपनिंग बघा. ई४ ई६, डी४ डी५, घोडा सी३ ला आला की उंट बी४, मग ई५ सी५, ए३ आणि उंटाने घोडा मारायचा. सहा चालींत दोघांचे डाव वेगळे होतात! पांढऱ्याकडे उंटाची जोडी आणि राजाच्या बाजूला जागा, पण सी फाइलवर (उभ्या रांगेत) डबल प्यादी, ती डावभर तशीच राहू शकतात. तुमची प्यादी धड, पण काळी घरं सांभाळणारा उंट गेलेला आणि सी८ चा उंट ई६ च्या मागे कोंडलेला.

प्यादेपुढे:
विनावर मलाही आवडतं पण सातव्या चालीला वजीर जी४ आला की पाठांतर लागतंच, कारण जी७ चं प्यादं द्यायचं की राखायचं हे तिथेच ठरवावं लागतं. तुमचा प्रॉब्लेम मोहरे संपल्यावरचा आहे ना, मग डी४ ला बेंको गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे मुद्दाम प्यादं देऊन खेळणं). घोडा एफ६, सी५, बी५. एक प्यादं जातं पण ए आणि बी फाइल हत्तींना मोकळी मिळते, उंट जी७ वरून बी२ पर्यंत बघतो, आणि वजीर मारले गेले तरी दाब कमी होत नाही, उलट कधीकधी जास्तच जाणवतो. बाकी गॅम्बिटमध्ये हे सहसा मिळत नाही.

जी७चा_उंट:
डी४ ला बेनोनी ओपनिंग पण आहे, ते विसरू नका राव. १९७२ ला रेकयाविकमधल्या वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅचमध्ये फिशर स्पास्कीविरुद्ध ०-२ ने मागे होता, तिसऱ्या डावात बेनोनी खेळला आणि अकराव्या चालीला घोडा एच५ वर ठेवला. स्पास्कीने उंटाने तो मारला, फिशरची एच फाइलवर डबल प्यादी झाली, राजापुढची भिंत मोडली, पण पांढऱ्याचा पांढऱ्या घरांचा उंट गेला. तो डाव फिशर जिंकला, स्पास्कीवरचा त्याचा पहिलाच विजय. बोर्डावर मांडून बघाच.

हत्तीवाला:
बेंको पटलं. पण समोरचा लंडन (डी४ नंतर उंट एफ४ ला आणायचा) खेळला तर?

प्यादेपुढे:
तर बेंको येतच नाही, त्याला पांढऱ्याचे सी४ आणि डी५ दोन्ही लागतात. लंडनला सी५ आणि लगेच वजीर बी६, बी२ वर दाब. तिथे पण डाव लवकर इम्बॅलन्स्ड होतो.