गुडघा म्हणजे टायर नव्हे

धागाकर्ता: सांध्यांच्या ऑस्टिओआर्थ्रायटिस या आजाराबद्दल ‘गुडघा हा गाडीच्या टायरसारखा असतो, वापरला की झिजणारच, त्यात दाहाचा काय संबंध’ असे काल एका सदस्याने ठणकावून लिहिले आणि त्याखाली होकारांची रांग लागली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. टायरमध्ये जिवंत पेशी नसतात. कूर्चेत, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, त्या असतात, आणि इजा झाली की त्याच पेशी एमएमपी-१३ सारखी विकरे (एन्झाइम) सोडून स्वतःभोवतीचे कोलॅजन, म्हणजे कूर्चेला बळकटी देणारे प्रथिन, तोडू लागतात. ते तुकडे सांध्याच्या अस्तराला डिवचतात, अस्तर सुजते आणि त्यातून स्रवणारी रसायने पुन्हा कूर्चेवरच उलटतात. शिवाय केवळ भाराने झीज होत असती, तर लठ्ठ व्यक्तींच्या बोटांच्या सांध्यांतही हा आजार अधिक का आढळला असता? बोटांवर कोणी चालत नाही.

जुना खेळाडू: तो टायरवाला मीच. चोविसाव्या वर्षी खेळताना माझ्या उजव्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले आणि आज तोच गुडघा जिना उतरताना करकरतो. डावा ठणठणीत आहे. आपला दाह डाव्या गुडघ्याचा पत्ता विसरला काय? आणि दाह हेच मूळ असेल, तर आमवातात गुणकारी ठरलेले अडॅलिमुमॅब हे दाहविरोधी औषध हाताच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवरील चाचण्यांत का फसले?

धागाकर्ता: दाह रक्तातूनच येतो असे मी कुठे म्हटले? इजा झालेल्या सांध्यात तो तिथल्या तिथेच पेटतो. आपला उजवा गुडघा माझ्याच बाजूने साक्ष देत आहे.

सुईला कंटाळलेली: या ‘दाह, दाह’च्या जपापायीच माझ्या आईच्या गुडघ्यात दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड टोचले गेले. प्रत्येक वेळी आधी पाणी काढत, आणि ते फिकट पिवळे पाणी सुईच्या टोकाला पाकासारखी तार धरत असे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, १४० रुग्णांच्या दोन वर्षांच्या चाचणीत अशा इंजेक्शनांनी कूर्चा मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनांपेक्षा अधिक पातळ झाली आणि वेदनेत फरक पडला नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले.

अस्थिरोगवाला: तो फरक सुमारे ०.१ मिलिमीटरचा होता, हेही सांगा. एखादे इंजेक्शन काही आठवडे आराम देते, म्हणून आम्ही ते देतो. आपण मात्र रुग्णांना घाबरवत आहात. तार धरणारे पाणी हे दाह सौम्य असल्याचेच लक्षण आहे, आमवातात ते पातळ होते.

सुईला कंटाळलेली: तो ०.१ मिलिमीटर माझ्या आईच्या गुडघ्यातला असता, तर ‘एखादे’ हा शब्द आपल्याला सुचला असता का? तिला आठ दिली गेली. दाह सौम्य होता, तर आठ कशासाठी?

अस्थिरोगवाला: आठ देणे चूक होते. ती मी दिलेली नाहीत, एवढे मान्य करण्याची कृपा करावी.

धागाकर्ता: सुईचा वेगळा धागा काढा. २०१९च्या चाचणीत, ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या आणि दाह दिसत असलेल्या हातांच्या वेदना रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने सहा आठवड्यांत कमी झाल्या. त्याने आजार थांबतो असे सिद्ध झाले नाही, हे मला कबूल आहे. पण वेदनेत दाहाचा वाटा आहे, हे आता कोणी नाकारू नये.

जुना खेळाडू: बरे, टायर मागे घेतो. तरीही लिगामेंट तुटले नसते, तर आपला हा दाह पेटला कशाने असता, तेवढे सांगा.