सॅडल हंटिंगचं सामान हलकं कसं करायचं? ४४ पाउंड घेऊन दलदलीतून चालून वैतागलो

गुडघा_नोव्हीकर

लोकहो, इथे शिकारवाले किती आहेत माहीत नाही पण मागे एका धाग्यावर दोघातिघांनी बो सीझनचा (धनुष्यबाणाने शिकारीच्या हंगामाचा) विषय काढलेला आठवतोय म्हणून विचारायचं धाडस करतोय. मी मिशिगनला, नोव्हीजवळ असतो. चार वर्षं झाली कंपाउंड बो घेऊन व्हाइटटेल हरणांच्या मागे आहे. आधी क्लायंबर स्टँड (खोडावर सरकवत चढायचं आसन) होता, तो विकला आणि गेल्या वर्षी सॅडल घेतलं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झाडं छाटणारे लोक बांधतात तसला कमरेखालचा पट्टा असतो, दोराने स्वतःला खोडाला अडकवायचं, पायाखाली पाटाएवढा प्लॅटफॉर्म, आणि खोडाकडे तोंड करून झोपाळ्यात टेकल्यासारखं बसायचं.) घेताना सगळे म्हणाले हलकं असतं रे, रोज नवीन झाड गाठता येतं. सॅडल हलकं आहेच, पण त्याच्याबरोबरच्या वरातीचं काय?

मी शनिवारी वॉटरलूला (मिशिगनमधलंच सरकारी जंगल) जातो, पार्किंगपासून सव्वा मैल आत, अर्धी वाट दलदलीच्या कडेने. पोचेपर्यंत बनियन पिळून काढावं असा घाम, मग झाडावर चढून बसलं की वीस मिनिटांत तोच घाम बर्फासारखा पाठीला लागतो आणि नऊ वाजता दात वाजायला लागले की मी खाली. हरणं साडेनऊला येत असणार बहुतेक.

काल बाथरूमच्या काट्यावर बॅग घेऊन उभा राहिलो, मग बॅगेशिवाय. ४४ पाउंड, म्हणजे २० किलो हो! साधारण हिशोब असा की बाण-क्विव्हरसकट (बाणांच्या भात्यासकट) बो साडेसहा, चार क्लायंबिंग स्टिक (खोडाला बांधून चढायच्या पायऱ्यांच्या काठ्या) पट्ट्यांसकट ११, सॅडल आणि त्याचे दोर-कड्या मिळून ५, प्लॅटफॉर्म साडेचार, रिकामी बॅग ४, थंडीचे कपडे ६, पाणी आणि चहाचा थर्मास ४, आणि उरलेलं सटरफटर ३. हलक्या टायटॅनियमच्या वगैरे स्टिक बघितल्या तर किंमत बघून बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. वय ४३, उजवा गुडघा नाजूक. नवीन काही न घेता किंवा थोडक्यात काय करता येईल?

ओकखालचा

विस्कॉन्सिनमधून. सॅडलमध्ये आठवा सीझन. पहिली गोष्ट, बाथरूमचा काटा फेकून द्या, किचनमधला कणीक मोजायचा काटा घ्या आणि एकेक वस्तू वेगळी मोजा. "सटरफटर ३ पाउंड" असं लिहिलंयत ना, मला पैज लावून सांगायचंय की त्यात गेल्या वर्षीचं काहीतरी निघणार.

मग स्टिक. चार कशाला लागतात? वीस फुटांवर बसायचं म्हणून ना? मी पण पहिली दोन वर्षं वीसच्या खाली बसत नव्हतो, यूट्यूबवर सगळे तसेच बसतात म्हणून. आता बारा-चौदा फुटांवर बसतो, फक्त झाड नीट निवडतो, दोन-तीन बुंधे फुटलेलं किंवा मागे पानांचा आडोसा असलेलं. ओकची पानं नोव्हेंबरातही बरीच टिकतात. एक स्टिक घरी ठेवलीत तिथे पावणेतीन पाउंड गेले, फुकटात. खालच्या स्टिकला दोन पायऱ्यांचा एडर (पट्ट्याची लोंबती शिडी) लावा, उंची जवळपास तेवढीच मिळते. पण एडर पायाखालून खोडाकडे सरकतो, सवय नसेल तर तोंडावर आपटाल, आधी अंगणात दोन फुटांवर प्रॅक्टिस करा. चढताना-उतरताना लाइनमन रोप (कमरेपासून खोडाभोवती घेतलेला दोर) कायम बांधलेला. माणसं बसल्याजागी कमी पडतात, चढता-उतरताना जास्त.

आणि त्या स्टिकचे लोखंडी बकलवाले पट्टे मोजा. माझा एकेक पट्टा दहा औंस भरला होता. त्याजागी अॅमस्टीलचा दोर गुंफून लावला, एक-दीड औंसात काम. शिवाय बकल खणकन स्टिकवर आपटायचं बंद झालं, जे मला वजनापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मुंबईचा_मक्या

हे मचाणच झालं की मग. आणि हरणाने काय घोडं मारलंय तुमचं?

गुडघा_नोव्हीकर

@मुंबईचा_मक्या मचाणाचाच चुलतभाऊ, फक्त हे पाठीवर घेऊन फिरायचं. भारतात १९७२च्या कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ते बरोबरच आहे. इथे हरणं एवढी आहेत की लायसन्स देऊन मारायला सांगतात, आणि आमच्या फ्रीजरमधलं मांस आम्हीच खातो. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

@ओकखालचा मी अॅमस्टीलचं वाचलं होतं, मग टेदर (वर बसल्यावर ज्याने खोडाला लटकतो तो दोर) पण त्याचाच केला तर? खूप हलका पडेल.

लिंगाण्याचा_दोर

नाही! म्हणून लॉगिन केलं.

मी हंटर नाही. नव्वदच्या दशकात पुण्याहून दर शनिवारी सह्याद्रीत सुळके चढायला जायचो, लिंगाणा, तैलबैला, ड्यूक्स नोज, आता न्यू जर्सीत गुडघे सांभाळत बसलोय (तुमचं आयडी आवडलं). दोराचं मात्र मला कळतं. अॅमस्टील म्हणजे डायनीमा जातीचा धागा, ओढायला लोखंडापेक्षा दणकट पण गुळगुळीत, त्यावर प्रुसिकसारखी घर्षणाची गाठ सरकते, आणि १४५ अंशाच्या आसपास तो वितळतो. घर्षणाने तेवढी उष्णता सहज होते. दुसरं म्हणजे तो रबरासारखा ताणला जवळपास जातच नाही, ढिला ठेवून दोन फूट घसरलात तरी सगळा हिसका कमरेला. स्टिक बांधायला उत्तम, तिथे तो नुसता बसून असतो. ज्या दोरावर जीव टांगायचा तिथे नको.

आता गंमत बघा. लोक टेदर बारीक करायच्या मागे लागतात, ११ मिमीचा काढून ८ मिमीचा, बाहेरून टेक्नोरा धाग्याचं आवरण असलेला भारी दोर घेतात. ११चा मीटरला पाऊणशे ग्रॅमच्या आसपास, ८चा पन्नासच्या आत. टेदर आठ फूट म्हणजे अडीच मीटर धरा. वाचले किती? सत्तर ग्रॅम. लाइनमन पण बदलला तर दीडशे. म्हणजे एक वडापाव! आणि त्यासाठी शंभरेक डॉलर घालणार, वर आधीचं रोप-ग्रॅबचं (दोर पकडून ठेवणारं) यंत्र ११ मिमीसाठी असेल तर ते ८वर धरणारच नाही, म्हणजे तेही नवीन. यंत्र कुठल्या जाडीसाठी आहे ते त्याच्या अंगावर कोरलेलं असतं, वाचत जा लोकहो.

त्यापेक्षा तुमच्या कॅराबिनरना (दोर अडकवायच्या कड्यांना) लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर पोलादी. पोलादी लॉकिंग कॅराबिनर दोनशे ग्रॅमच्या वर जातो, क्लायंबिंगचा चांगला अॅल्युमिनियमचा ऐंशी-नव्वद. एका नगामागे सव्वाशे ग्रॅम, पंधरा डॉलरमध्ये. तीन असतील तर पावणेचारशे ग्रॅम झाले, आणि ताकद २० किलोन्यूटनच्या (साधारण दोन टनांच्या) वर असतेच, तुमचं वजन काही हत्तीएवढं नाही. फक्त लॉकिंगचाच घ्या, चाव्या अडकवायचा नको.

बर्फाळ_काकू

मिनेसोटा. आमच्याकडे नवरा घरी आणि मी झाडावर, त्यामुळे सामान उचलून द्यायला कोणी नाही आणि माझं स्वतःचं वजन ५४ किलो. तेव्हा सल्ला ऐका.

तुमचा त्रास वजनाचा कमी आणि घामाचा जास्त वाटतोय मला. ४४चे ३० पाउंड केलेत तरी जॅकेट घालून तरातरा चालाल तर घाम तेवढाच येणार. मी शून्याखाली असलं तरी एका पातळ मेरिनो लोकरीच्या बनियनवर चालते, पहिली दहा मिनिटं कुडकुडत, जॅकेट आणि बिब (छातीपर्यंतची उबदार पँट) बॅगच्या बाहेर बांधलेलं. अर्धा तास आधी निघायचं आणि कासवासारखं जायचं. झाडाखाली पोचलं की पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, वाफ जाऊ द्यायची, मग वर. वर गेल्यावर कोरडं बनियन बदलते, हो, सॅडलमध्ये लटकून, जमतं सवयीने, शेजारी बघायला एक खारच असते. ते जास्तीचं बनियन दीडशे ग्रॅमचं आहे आणि मी ते कधीही कमी करणार नाही.

पाणी एवढं कशाला? सकाळच्या बैठकीला अर्धा लिटर पुरतं, बाकी गाडीत. जितकं प्याल तितकं वर बसून दुसरं संकट. थर्मास मात्र ठेवा हो, चहाशिवाय काय अर्थ आहे.

प्लॅटफॉर्मऐवजी काही जण खोडाभोवती पट्ट्याने बांधायच्या पायऱ्यांचं कडं करतात. हलकं पडतं पण दोन तासांनी तळव्यांची वाट लागते, तुमच्या गुडघ्याला तर नकोच. आणि स्क्रूने झाडात घुसणाऱ्या पायऱ्या कोणी सुचवल्या तर ऐकू नका, मिशिगनमध्ये पब्लिक लँडवर साल भेदणारं काहीही लावायला बंदी आहे.

एकच_काठी

भावांनो तुम्ही तीन स्टिक चार स्टिक काय करत बसलाय, मी पेनसिल्व्हेनियात डोंगरात शिकार करतो, एकच स्टिक नेतो एडरसकट अडीच पाउंड, स्टिक लावायची चढायचं टेदरवर लटकायचं स्टिक उचलून वर लावायची परत चढायचं, चार वेळा केलं की झालात वर, आणि खाली येताना ८ मिमीच्या ३५ फूट दोरावरून रॅपल म्हणजे घसरत उतरायचं, वर क्विक लिंक (स्क्रूने बंद होणारी कडी) लावलेली असते, खाली आलं की बारीक दोरीने ओढून सगळं खाली. स्टिक आणि दोर मिळून चार पाउंडाच्या आत. बाय द वे प्लॅटफॉर्म पण नेत नाही, स्टिकच्या वरच्या पायरीवर उभा राहतो

लिंगाण्याचा_दोर

@एकच_काठी रॅपलला खाली बॅकअप गाठ लावतोस का? ऑटोब्लॉक?

एकच_काठी

कधी कधी

लिंगाण्याचा_दोर

कधी कधी म्हणे. आमच्यातला एक असाच "कधी कधी" लावायचा, सुदैवाने दोनच महिने प्लास्टरमध्ये होता. संध्याकाळचा अंधार, हातमोजे, गारठलेली बोटं, ८ मिमीचा बारीक दोर, यात हात सुटला तर सुटला. गाठ लाव रे बाबा, अर्धा मिनिट लागतो.

ओकखालचा

वन-स्टिकिंग भारीच आहे, मीही एक सीझन केलं. पण चार वेळा लटकून उचलाउचली म्हणजे झाडावरच घाम. ज्याची तक्रारच घामाची आहे आणि गुडघा दुखतोय त्याला हे आत्ता नको. पुढच्या उन्हाळ्यात परसात शिका, मग ठरवा.

गुडघा_नोव्हीकर

रिपोर्ट द्यायला आलो. रविवारी सगळं सामान किचनच्या फरशीवर ओतलं, लेक दहा वर्षांची, ती काट्यापाशी बसली आणि फ्रिजवरच्या पांढऱ्या बोर्डावर एकेक आकडा लिहीत गेली. ओकखालच्यांनी पैज जिंकली. सटरफटरमध्ये निघालं: मेलेल्या आठ बॅटऱ्या, दोन हेडलॅम्प, गेल्या वर्षीची लघवीच्या वासाची बाटली (हरणाच्या हो, त्यांना खेचायला! झाकण घट्ट होतं हे नशीब), तीन चाकू, एक पाना जो कशाचा आहे तेच कळेना, आणि चिवड्याची बुरशी आलेली पिशवी. दीड पाउंड तिथल्या तिथे कमी. लेक म्हणाली बाबा तू माझ्या दप्तराला नावं ठेवतोस ना.

लोहचुंबक तिघांनाही चिकटलं. पंचेचाळीस डॉलरमध्ये तीन अॅल्युमिनियमचे आणले, ०.९ पाउंड गेले. टेदर-लाइनमन ११ मिमीचेच ठेवले, वडापाव सोडला. एक स्टिक घरी, बाकी तिघींचे पट्टे काढून अॅमस्टील, एडर धरून ११चे ७ झाले. बॅग सह्याद्रीत नेत होतो ती जुनी सुती सॅक काढली, धुवून वास घालवला, दोन पाउंडांची आहे आणि आवाज अजिबात करत नाही. पाणी अर्धा लिटर, थर्मास काकूंच्या हुकमावरून कायम. एकूण साडेतेहतीस पाउंड, म्हणजे साडेदहा कमी.

काल गेलो होतो. जॅकेट बाहेर बांधून, पातळ बनियनवर, इतका हळू की मागून आलेला एक म्हातारा हात करून पुढे गेला. चौदा फुटांवर बसलो, दोन बुंध्यांच्या ओकवर. बनियन बदलायला गेलो तर एक हात बाहीत अडकला आणि पाच मिनिटं तसाच लटकत होतो, ते जाऊ दे. पण साडेअकरापर्यंत बसलो! पहिल्यांदाच. दहा वाजून दहा मिनिटांनी एक मादी आणि तिच्यामागे छोटा बक (नर), पस्तीस यार्डांवरून आडवे गेले, मध्ये झुडूप होतं म्हणून सोडलं.

ओकखालचा

साडेनऊनंतर येतात म्हणालात ते खरं निघालं की. पण एक विचारायचं राहिलं, बाण लागला तर ते दीडशे पाउंडाचं हरीण सव्वा मैल दलदलीतून गाडीपर्यंत कसं आणणार? त्याचं वजन कुठल्या काट्यावर कमी करायचं?

गुडघा_नोव्हीकर

तुम्ही शनिवारी मोकळे आहात का?

बर्फाळ_काकू

मुलांची बर्फावरची प्लास्टिकची घसरगाडी घ्या, गाडीत पडू द्या. बारा डॉलर. झाडापर्यंत नेऊ नका, नाहीतर परत ४४.