मदत हवी आहे : सोलो अल्बम करतोय, पण दोन चाली मित्राच्या आहेत

नमस्कार मंडळी. राजारामपुरीतल्या आमच्या बँडचा मी सात वर्षं मुख्य गायक. आता पहिला सोलो मराठी पॉप अल्बम करतोय. माळ्यावर भिंतींना गाद्या टेकवून सहा गाणी रेकॉर्ड केली. एकात पत्र्यावरच्या पावसाचा आवाज शिरलाय, तो काढता येईल का?

खरी अडचण दुसरी आहे. दोन चाली आमच्या गिटारवाल्याच्या आहेत. परवा रंकाळ्यावर तो म्हणाला, "घे की लेका, कागद कशाला?" पण त्याचं नाव आणि पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखलाय. तरी लेखी करार कसा करायचा? कुणाकडे मराठी नमुना आहे का? आणि मिक्सिंगसाठी कोल्हापुरात कुणी चांगलं आहे, की पुणंच गाठू?