वारली चित्राने मन शांत होते. लग्नगड्याची वेठ कशाने सुटली?

उत्तर_कोकण :
काल 'रविवारची_सकाळ' यांनी लिहिले की वारली चित्रे काढायला लागल्यापासून त्यांना शांत झोप लागते, ही कला शाळाशाळांतून शिकवली तर समाज आपोआप बदलेल आणि परदेशी लोकांनाही आदिवासी कळतील. दोन ओळींत उत्तर देणे मला जमेना, म्हणून हा वेगळा धागा. आपल्या झोपेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती 'आपोआप' या शब्दाबद्दल. ज्या लग्नासाठी झोपडीच्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहिला जातो, त्याच लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतलेला वारली त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राबत असे. त्याला लग्नगडी म्हणत. चौकात पालघट देवी होती आणि अंगणाबाहेर वेठ होती. मे १९४५ मध्ये झरी गावी वारल्यांची परिषद भरली, किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर पाड्यापाड्यांवर फिरले, त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे मेली. वेठ सुटली ती त्यामुळे. हे ठाऊक असताना समाजबदलाचे श्रेय रंगाच्या डबीला दिलेले मला सहन होत नाही.

रविवारची_सकाळ :
आपण माझा एक शब्द धरून मला फटकारलेत. माझी आई गेल्या पावसाळ्यात गेली. भेटायला येणाऱ्यांचे बोलणे कानावर पडले तरी त्रास होई. एका संध्याकाळी गेरूने सारवलेल्या कागदावर मी भाताचे खाचर काढायला घेतले. एकेक रोप म्हणजे एकेक बारीक रेघ, आणि कागद भरेपर्यंत हात थांबवता येत नाही. दोन तासांनी लक्षात आले की एवढ्या वेळात मी रडले नव्हते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्याविषयीही सांगतात की लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि सांगायचे ते धुळीत रेघा ओढून सांगत. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे दुःख आणि माझे दुःख एकाच मापाचे आहे असा माझा दावा नाही, पण मला मिळालेला आधार खोटा नव्हता.

सुईदोरा :
म्हसे यांचे नाव निघाले की मला बोलावेच लागते. चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, बायका चौक लिहितात, त्याशिवाय लग्न लागत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद घेऊन गेले, आणि कागदावर चित्र आल्यावर बाजारात नावे बहुतेक पुरुषांचीच झाली. माझी मावशी त्या भागात शिक्षिका होती. करवंटीत तांदळाचे पीठ कालवून, बांबूच्या काडीचे टोक दाताने चावून मऊ करणारी म्हातारी तिने रोज पाहिली. पुढे त्या घरातली चित्रे विकली गेली तेव्हा खाली सही मुलाची होती. हा कसला समाजबदल?

उत्तर_कोकण :
आपण मूळ प्रश्न सोडून भलतीकडे निघाला आहात. मी वेठीबद्दल लिहितो आहे.

सुईदोरा :
बाईच्या हातचे काम तिच्या नावावर न लागणे ही वेठ नाही, असे आपण कोणत्या आधारावर ठरवलेत?

गेरूमाती :
इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. मी वारली आहे आणि चित्रांवरच माझे घर चालते. माझ्या आजोबांनी लाल बावटा खांद्यावर घेतला होता, त्यामुळे उत्तर_कोकण यांचे पहिले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण सुईदोरा, पुरुषांनी बायकांकडून कला हिसकावली असे सरसकट म्हणू नका. म्हसे यांनी चौकाबाहेरची चित्रे, म्हणजे मासेमारी, लावणी, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच, बारा महिने काढली, म्हणून आमच्या पिढीला हा धंदा मिळाला. खरा राग दुसरीकडे हवा. एका कंपनीने आमच्याकडून मोठी भिंत चौरस फुटाच्या दराने रंगवून घेतली आणि सही करायला जागा ठेवू दिली नाही. वर्षभराने त्याच आकृत्या त्यांच्या कपांवर छापलेल्या दिसल्या. भौगोलिक मानांकन आहे, पण कप बघून कोणी ते विचारत नाही. माझी बहीण मात्र आता स्वतःच्या नावाने सही करते आणि पैसे तिच्याच खात्यात जमा होतात. हा बदल लहान असेल, पण तो चित्रानेच झाला आहे.

निइगाता_मुक्काम :
परदेशी लोकांबद्दल लिहितो, कारण मी इथे जपानमध्ये अकरा वर्षे राहतो. तोकामाची गावाबाहेरच्या डोंगरात तोकियो हासेगावा यांनी उभारलेले मिथिला संग्रहालय आहे. बिहारच्या मधुबनी चित्रांबरोबर तिथे वारली चित्रेही आहेत आणि आपल्याकडचे चित्रकार तिथे राहून काम करून गेले आहेत. भातलावणीच्या चित्रासमोर एक वृद्ध शेतकरी बराच वेळ उभे होते. 'आमच्याकडेही सगळी वाडी एका रांगेत वाकून लावणी करायची', असे म्हणून त्यांनी मला विचारले की या लोकांची शेते स्वतःच्या मालकीची आहेत का. एवढ्या वर्षांत मुंबईतल्या कोणी मला हे विचारले नव्हते.

उत्तर_कोकण :
त्या गृहस्थांनी मालकीचा प्रश्न विचारला, म्हणून एवढे मान्य करतो की चित्र माणसाला प्रश्नापर्यंत नेऊ शकते. त्यापुढे मी एक पाऊलही सरकणार नाही. आणि सुईदोरा, सहीचा मुद्दा मी झटकायला नको होता.

रविवारची_सकाळ :
'आपोआप' हा शब्द मी मागे घेते. गेरूमाती, मी आजवर छापील पुस्तक समोर ठेवून शिकले. आपली बहीण शिकवेल का?

गेरूमाती :
लावणी उरकल्यावर शिकवेल, फी तीच सांगेल. झाडे, शेत, तारपा शिकवेल. लग्नाचा चौक ती शिकवणार नाही, तो लग्नघरातच लिहायचा असतो.