मागच्या गेटचं कुलूप

सी ६०२: सेक्रेटरी काका, मागचं छोटं गेट रात्री नऊऐवजी साडेबारापर्यंत उघडं ठेवता येईल का? मागे पण लिहिलं होतं, परत लिहितेय. आनंदनगर मेट्रोला उतरलं की मागच्या गेटनं घर चार मिनिटांवर आहे, पण कुलूप असल्यामुळे आख्खी कंपाउंडची भिंत, मग तो पत्रे ठोकलेला रिकामा प्लॉट आणि मग वळून मेन गेट असा फेरा पडतो, आणि दहानंतर त्या रस्त्याला कुत्री सोडून कोणी नसतं. काल एक बाइकवाला भिंतीच्या कडेनं गाडी हळू करून माझ्या बरोबरीनं चालवत होता. बोलला काही नाही, पण मेन गेटचा उजेड येईपर्यंत हलला नाही.

ए २०३ काकू: अगंबाई. फोन करायचास ना मला, मी जागीच असते

बी ७०३: काही केलं तर नाही ना त्याने? कदाचित पत्ता शोधत असेल, झोमॅटोवाले पण असेच हळू चालवतात

सी ६०२: दादा पत्ता शोधणारा माणूस विचारतो. आणि "काही केलं नाही ना" हे दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणायला सोपं आहे, त्या वेळी काय होणारे हे चालणारीला माहीत नसतं.

सेक्रेटरी: ताई आपली काळजी रास्त आहे. परंतु सदर गेट २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंद केले व नंतर दिवसा उघडून रात्री कुलूप लावण्याचा निर्णय जनरल बॉडीत झालेला आहे. तेव्हापासून सायकलचोरी पूर्ण थांबलेली आहे. सर्वांच्या सुरक्षेसाठीच आहे 🙏

सी ६०२: सायकली आत सेफ आहेत काका, आम्ही बाहेर आहोत

बी ४०१ आजोबा: (फॉरवर्ड केलेला मेसेज) महत्त्वाची सूचना!! रात्री १० ते सकाळी ६ एकट्या महिलेस गाडी न मिळाल्यास पोलीस मोफत घरी सोडणार. खालील नंबर सेव्ह करा. आपल्या सर्व माताभगिनींना पाठवा.

डी १०४: आजोबा हा मेसेज २०१९ पासून फिरतोय. ती सोय लुधियाना पोलिसांनी सुरू केली होती आणि त्यातला मोबाईल नंबर पण तिकडचाच आहे, पुण्यातून लावून गाडी येणार नाही. त्याच सुमारास नागपूर पोलिसांनीही बायकांना रात्री घरी सोडायची सोय केली होती, म्हणून आपल्याकडे अजून खरा वाटतो. इथे ११२ लावायचा. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण पटापट तीनदा किंवा पाचदा दाबलं की इमर्जन्सी कॉल जातो, प्रत्येकाचं सेटिंग वेगळं असतं तेवढं आधीच बघून ठेवा, रस्त्यात शोधत बसू नका

बी ४०१ आजोबा: बरं झालं सांगितलंस बाळा. बाकी दोन ग्रुपवर पाठवलाय, आता काय करू

डी १०४: तिथे पण हे टाका 😄

ए ५०५ ॲडव्होकेट: कायद्याचं विचारत असाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागासाठी आहे, पण त्यात नको म्हटल्यावरही वारंवार असा भाग येतो, एकदा बरोबरीनं गाडी चालवली एवढ्यावर ते बसवणं अवघड. तरी ११२ ला कळवायला गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, घाबरलात एवढं पुरे आहे. आणि तक्रार करायचीच झाली तर कुठल्याही पोलीस स्टेशनला देता येते, हद्द कोणाची हे त्यांनी नंतर बघायचं. याला झिरो एफआयआर म्हणतात, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते स्पष्टच लिहिलंय.

बी ७०३: मला एक कळत नाही, एवढ्या उशिरापर्यंतच्या नोकरीला कंपनीची कॅब असते ना? महाराष्ट्रात कायदाच आहे साडेनऊनंतरचा

सी ६०२: आहे की. २०१७ चा दुकानांचा कायदा, साडेनऊनंतर बाईला थांबवायचं तर तिची संमती आणि जायची सोय. पण तो कायदा ठरावीक संख्येइतकी माणसं असली तरच. आमच्या मेडिकलमध्ये मालक धरून सहा जण, मला कोण कॅब देणार. आयटीवाल्यांच्या दारात गाडी येते तशी सगळ्यांच्या येत नाही. आणि उद्या नोकरी नसली तरी नाटक बघून रात्री घरी येऊच नये का मी?

ए २०३ काकू: हे बाकी खरं. यशवंतरावला प्रयोग सुटायला कधी बारा वाजतात, आम्ही चार जणी असतो तरी त्या प्लॉटपाशी आलो की आपोआप गप्पा बंद आणि पाय भरभर

ए २०३ काकू: आणि यांना रात्री बाराला सिगरेट आणायला जायचं असलं तर नुसते चपला घालून निघतात हो. किल्ली नाही फोन नाही काही नाही. माझं मात्र तीन ठिकाणी फोन करून, लोकेशन पाठवून, पर्स पोटाशी धरून.

ए २०३ काका: मला ग्रुपवर कशाला ओढतेस

डी १०४: मी इथे पीजीत राहते, मागच्याच महिन्यात ग्रुपवर घेतलंय म्हणून बोलू की नको असं होत होतं. पण मी रोज त्याच रस्त्यानं येते. कानात इअरफोन असतात पण गाणी बंद असतात, लोकांना वाटावं हिचं लक्ष नाही आणि मला मात्र मागची पावलं ऐकू यावीत म्हणून. आईला फोन लावून ठेवते, ती तिकडे साताऱ्यात भाजी निवडत असते, दोघी काही बोलत नाही. आधी एवढं नव्हतं. त्या कोपऱ्यावर भुर्जीची गाडी असायची तेव्हा मी निवांत यायची, गाडीवरच्या मावशी लांबनंच विचारायच्या आज उशीर का गं. ती गाडी गेली आणि रस्ता मेला.

बी ७०३: ती गाडी सोसायटीनेच सह्या करून हलवायला लावली. दारू पिऊन लोक बसायचे तिथे, भिंतीला लघवी करायचे. आता त्या गाडीची आरती ओवाळू नका

सी ४०४: मला गाडी असतानाच जास्त भीती वाटायची खरं सांगू का. दहा पुरुष उभे, आपण गेलो की सगळ्यांची तोंडं वळणार. डी १०४ ला मावशी ओळखत होत्या, मला नव्हत्या.

डी १०४: हो ताई ते पण आहे. मावशी होत्या म्हणून मला चालायचं. नुसते पुरुष असते तर मी पण पलीकडच्या बाजूनं गेले असते

सी ३०१: माणसं असली म्हणजे सेफ असंही काही नसतं. स्वारगेटला २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे पावणेसहाला त्या मुलीवर बलात्कार झाला ना, एवढं गजबजलेलं स्टँड, पोलीस स्टेशन हाकेच्या अंतरावर.

सी ६०२: दादा ते उभ्या असलेल्या बसच्या आत झालं, काळोखात. स्टँडवर माणसं होती पण त्या बसकडे बघणारं कोणी नव्हतं. आपल्या मागच्या रस्त्याचं तेच आहे. बी आणि सी विंगच्या सगळ्या बाल्कन्या त्या बाजूला आहेत, पण निम्म्या काचा लावून बंद केल्यात आणि उरलेल्यांत वॉशिंग मशीन आहे. खाली कोणी ओरडलं तर टीव्हीच्या आवाजात ऐकू पण येणार नाही.

सी ६०२: आणि काका, आपण कंपाउंडवर जे चार फ्लडलाइट लावले त्यांची तोंडं आतल्या पार्किंगकडे आहेत. बाहेरून चालणाऱ्याच्या डोळ्यावर उजेड आणि पायाखाली अंधार. महानगरपालिकेचा खांब आहे तो गुलमोहराच्या फांद्यांत गेलाय, दिवा चालू असतो पण उजेड झाडालाच.

सेक्रेटरी: झाड तोडता येणार नाही. १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते, दंड होतो

सी ६०२: तोडा कोण म्हणतंय काका 🙏 दिव्याभोवतीच्या फांद्या छाटायच्यात, त्याचा अर्ज उद्यान विभागाकडे करायचा असतो. खांबावर नंबर रंगवलेला असतो तो अर्जात टाकायचा म्हणजे जागा शोधण्यात वेळ जात नाही. अर्ज मी लिहून देते, सोसायटीचा शिक्का तुम्ही द्या. आणि आपले चारपैकी दोन लाइट बाहेर वळवायला तर कोणाचीच परवानगी नकोय, इलेक्ट्रिशियन आणि शिडी.

डी ३०३: बी विंगसमोर पांढरी स्विफ्ट कोणाची आहे, कृपया काढा, टँकर आत येत नाहीये

सी ३०१: बाय द वे एक विचारू. मी रात्री जिमवरून चालत येतो, पुढे एखादी मुलगी असली की मलाच ऑकवर्ड होतं, वाटतं ती घाबरली असेल. ओव्हरटेक करावं की हळू चालावं?

सी ४०४: रस्ता क्रॉस करून पलीकडून जायचं. मागून भराभर चालत ओव्हरटेक तर अजिबात नको, पाठीमागे पावलं वाढली की इकडे धस्स होतं

डी १०४: किंवा फोनवर मोठ्यानं बोलायचं, आईशी वगैरे. "आई भाजी काय केलीस" म्हणणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही 😂

सी ३०१: नोटेड 😄

बी ७०३: ठीक आहे पण गेट उघडं ठेवलं तर तिथे वॉचमन लागणार. एजन्सी अर्ध्या रात्रीचा माणूस देत नाही, पूर्ण बारा तासांचे पैसे घेते. मेंटेनन्स वाढला की हेच लोक ओरडणार

सी ४०४: वॉचमन कशाला, नंबरचं लॉक बसवा. आमच्या भावाच्या सोसायटीत आहे, कोड टाकला की उघडतं आणि आपोआप लागतं. वर एक कॅमेरा.

सेक्रेटरी: कोड सर्वांना दिला तर महिनाभरात पेपरवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतो

सी ४०४: दर महिन्याला बदला मग

बी ७०३: आणि भाडेकरूंना? पीजीच्या मुलींना पण द्यायचा का? त्या सहा महिन्यांनी बदलतात

डी १०४: काका रात्री तिथून सगळ्यात जास्त आम्हीच येतो...

ए २०३ काकू: त्यांना द्यायचा नसेल तर लॉक कोणासाठी लावताय, सायकलींसाठी?

(बी ७०३ यांनी हा मेसेज डिलीट केला आहे)

सेक्रेटरी: शांतता ठेवा. लाइट दोन उद्या वळवून घेतो, त्याला मीटिंगची गरज नाही. फांद्यांचा अर्ज ताईंनी द्यावा, सही करतो. लॉकचे कोटेशन मागवतो. गेटचा ठराव मात्र बदलायचा तर सभासदांसमोर आणावा लागेल. रविवारी सकाळी ११ वाजता पार्किंगमध्ये सर्वांनी यावे.

बी ७०३: रविवारी मॅच आहे. शनिवारी ठेवा

सी ६०२: शनिवारी मी साडेनऊला सुटते. मग रात्री दहाला ठेवा ना, आणि पार्किंगमध्ये नको, मेट्रोच्या जिन्याखाली जमू. तिथनं सगळे चालत मेन गेटपर्यंत या, भिंतीच्या कडेनं. जेन्ट्सनी एकेकट्यानं.

सी ४०४: 👍👍

सेक्रेटरी: रात्री दहाला कोरम होणार नाही ताई

ए २०३ काकू: आम्ही दोघं येतो. ह्यांना मी पुढे सोडते, सिगरेट घेऊन येतील

बी ४०१ आजोबा: मी पण. पाऊस असला तर?

ए २०३ काकू: छत्री आणा